उघडे दार : अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेज आणि आपले नवे सत्र

(द्वितीय वर्ष कला, समाजशास्त्र)

तिसरे सत्र सुरू झाले त्या दिवशी सूचनाफलकासमोर प्रथम वर्षाची एक मुलगी उभी होती. हातात प्रवेशाची पावती होती. तिने मला विचारले, “ताई, ‘ओई’ म्हणजे काय?” मला क्षणभर हसू आले आणि लगेच स्वतःची लाजही वाटली. कारण गेल्या वर्षी हाच प्रश्न मला पडला होता आणि तो मी कोणालाच विचारला नव्हता. मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एईसी अशी सारी अक्षरे मी फलकावरून वहीत उतरवून घेतली होती. घरी गेल्यावर ती वही वडिलांना दाखविली. वडील सातवीपर्यंत शिकलेले. त्यांनी पान बराच वेळ पाहिले व म्हणाले, “अक्षर चांगलं काढलंयस.” त्यापलीकडे ते तरी काय सांगणार? आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच.

पुढे वर्गात ‘उच्च शिक्षण व सामाजिक गतिशीलता’ या विषयावर टिपण करावयास सांगितले गेले. त्यासाठी वाचन करीत असता अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेज या संस्थेची ओळख झाली. ज्यांच्या घरात कोणीही महाविद्यालय पाहिलेले नाही, अशा लक्षावधी विद्यार्थ्यांना तेथे दरवर्षी नवे सत्र सुरू करावे लागते. त्यांचे काय होते, हे जाणून घ्यावे असे वाटले. त्यातून हा लेख तयार झाला.

जन्म आणि वाढ

इ. स. १९०१ मध्ये इलिनॉय राज्यातील जोलिएट या गावी सहा विद्यार्थ्यांना घेऊन एक ‘ज्युनिअर कॉलेज’ सुरू झाले. गावातील माध्यमिक शाळेचे प्रमुख जे. स्टॅन्ले ब्राऊन आणि शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांची ही कल्पना. पदवीची पहिली दोन वर्षे गावातच शिकावीत आणि उरलेली दोन विद्यापीठात पूर्ण करावीत, असा तो साधा विचार होता. गाव सोडून दूर जाण्याची ऐपत नसलेल्यांना त्यामुळे शिक्षण जवळ आले. हे सर्वांत जुने सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज आजही चालू आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर या रोपट्याचा वृक्ष झाला. १९४४ च्या कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला आणि त्यांपैकी सुमारे २२ लाख जणांनी महाविद्यालयांत व विद्यापीठांत प्रवेश घेतला. १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने अहवाल दिला. गावोगाव दोन वर्षांची महाविद्यालये असावीत, त्यांनी आसपासच्या लोकांच्या गरजा भागवाव्यात, अशी शिफारस त्यात होती. ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ झाले ते या अहवालामुळे. १९६० मध्ये कॅलिफोर्निया राज्याने तर उच्च शिक्षणाची तीन पायऱ्यांची आखणीच केली. वरच्या एक अष्टमांश गुणवंतांना राज्याचे मुख्य विद्यापीठ, वरच्या एक तृतीयांशांना राज्य महाविद्यालये आणि शिक्षणाचा लाभ घेऊ शकेल अशा प्रत्येकाला ज्युनिअर कॉलेज! आज त्या देशात अशी एक हजाराच्या आसपास महाविद्यालये आहेत.

येथे मला आपल्याकडील एका गोष्टीची आठवण होते. १९४७ मध्येच कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केले आणि ‘कमवा व शिका’ या तत्त्वावर खेड्यातील गरीब मुलांना उच्च शिक्षणाचे दार उघडले. दोन्ही ठिकाणच्या मंडळींचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. परंतु ज्याच्यापाशी पैसा नाही, पण शिकण्याची इच्छा आहे, त्याच्यासाठी महाविद्यालयानेच चार पावले पुढे यावे, हा विचार दोन्हींकडे सारखाच आहे.

तेथील सत्राचा आरंभ

तेथे पहिले सत्र ऑगस्टच्या अखेरीस सुरू होते व डिसेंबरात संपते. दुसरे जानेवारी ते मे. वसतिगृह बहुधा नसतेच. विद्यार्थी घरून येतात. पुष्कळसे पंचविशी ओलांडलेले असतात, दिवसा नोकरी करून संध्याकाळच्या वर्गाला बसतात. काहींच्या पदरी मुले असतात. अठरा वर्षांचा मुलगा आणि चाळिशीची गृहिणी एकाच बाकावर, हे दृश्य तेथे नवलाचे नाही.

विषय निवडावयाचा तो क्रेडिटच्या हिशेबाने. तीन क्रेडिटचा विषय म्हणजे आठवड्याला तीन तास वर्ग, आणि त्याच्या दुप्पट वेळ घरी अभ्यास, असे साधारण गणित धरतात. साठ क्रेडिट पूर्ण झाली की ‘असोसिएट’ पदवी मिळते. ती घेऊन कामाला लागावे किंवा विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात प्रवेश घ्यावा. पहिल्या एकदोन आठवड्यांत विषय घेता किंवा सोडता येतो. ती तारीख उलटली की घेतलेल्या निर्णयाची किंमत मोजावी लागते.

पहिल्याच दिवशी प्राध्यापक एक कागद वाटतात. त्याला ते ‘सिलॅबस’ म्हणतात, पण तो आपल्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमासारखा नसतो. कोणत्या आठवड्यात काय शिकविणार, कोणत्या दिवशी परीक्षा, कशाला किती गुण, वर्गाबाहेर प्राध्यापक कोणत्या वेळी भेटतील, हे सारे त्यात लिहिलेले असते. प्राध्यापकांच्या या भेटीच्या वेळेला ‘ऑफिस अवर्स’ असा शब्द आहे. मौज अशी, की ज्या घरात कोणी शिकलेले नाही त्या घरातील विद्यार्थ्याला ही प्राध्यापकांच्या कामाची वेळ आहे, तेव्हा आपण त्यांना त्रास देऊ नये, असे वाटते आणि तो जातच नाही! वास्तविक ती वेळ त्याच्यासाठीच राखलेली असते. हे वाचले तेव्हा सातासमुद्रापलीकडचा तो विद्यार्थी मला आमच्या एस. टी. तून येणारा वाटला.

दार उघडे, जिना मात्र उभा

आता या चित्राची दुसरी बाजू. दार सर्वांना उघडे आहे, हे खरे. परंतु आत गेलेले सारेच वर पोहोचतात काय? तसे दिसत नाही. कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्यांपैकी बहुसंख्यांना पुढे चार वर्षांची पदवी हवी असते. प्रत्यक्षात विद्यापीठात पोहोचतात ते सुमारे एक तृतीयांश, आणि सहा वर्षांच्या आत पदवी हाती पडते ती साधारणतः सहांतील एकाच्या.

याचे एक कारण म्हणजे पूर्वतयारीचे वर्ग. प्रवेशाच्या वेळी इंग्रजीची व गणिताची चाचणी घ्यावयाची आणि जो कमी पडेल त्याला आधी हे वर्ग करावयास लावावयाचे, अशी पद्धत अनेक वर्षे होती. या वर्गांची फी भरावी लागे, पण पदवीसाठी क्रेडिट मिळत नसे. एक, दोन, तीन सत्रे अशी गेली की विद्यार्थी कंटाळून घरी बसे. शेवटी कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये कायदा करून विद्यार्थ्यांना शक्यतो थेट क्रेडिटच्या वर्गात घेण्याचे धोरण ठरविले. अशा वर्गाला जोडूनच मदतीचे जादा तास ठेवण्याची रीतही रूढ झाली.

दुसरे कारण अधिक खोल आहे. बर्टन क्लार्क या समाजशास्त्रज्ञाने सॅन होझे येथील ज्युनिअर कॉलेजचा अभ्यास करून १९६० मध्ये एक सिद्धांत मांडला. मोठी स्वप्ने घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला कॉलेज सरळ नकार देत नाही. चाचण्या, समुपदेशन, सुधारणेच्या सूचना अशा पायऱ्यांनी ते त्याला हळूहळू लहान ध्येयाकडे वळविते. आणि अखेरीस हा आपलाच निर्णय होता, असे त्याला वाटू लागते. क्लार्क याला ‘कूलिंग आउट’ म्हणतो. आपण त्याला ‘निवविणे’ म्हणू. उकळते दूध चुलीवरून उतरवून ठेवावे, तसे! कोणी ओरडत नाही, कोणी हाकलत नाही. फक्त आच काढून घेतली जाते.

उपाय सापडला आहे काय?

मग असा विद्यार्थी वर चढूच शकत नाही काय? या प्रश्नाला न्यूयॉर्क शहराने दिलेले उत्तर मला फार महत्त्वाचे वाटते. तेथील नगर विद्यापीठाने २००७ मध्ये आपल्या कम्युनिटी कॉलेजांत ‘एसॅप’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. विद्यार्थ्याने पूर्ण वेळ शिकावयाचे, ही अट. त्याच्या बदल्यात शिष्यवृत्ती वजा जाता उरलेली फी माफ, पुस्तकांसाठी मदत, अभ्यासात साहाय्य, वारंवार भेटणारा एक ठरलेला सल्लागार आणि शहराच्या बस व भुयारी रेल्वेचा फुकट पास!

या कार्यक्रमाची पाहणीही काटेकोरपणे झाली. पूर्वतयारीच्या वर्गांची गरज असलेल्या गरीब विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एकाला ही मदत दिली, दुसऱ्याला नेहमीचीच व्यवस्था. तीन वर्षांनी पाहिले तेव्हा नेहमीच्या गटातील २२ टक्के पदवीपर्यंत पोहोचले होते आणि मदत मिळालेल्या गटातील ४० टक्के. पुढे ओहायो राज्यातील तीन महाविद्यालयांतही असाच फरक आढळला. दोन्ही गटांतील मुलांची बुद्धी सारखीच होती. फरक पडला तो कोणीतरी विचारपूस करण्याने आणि बसच्या पासाने.

आपल्यापुरता अर्थ

आपल्या देशातही कम्युनिटी कॉलेजचे प्रयोग झाले. १९९५ मध्ये पाँडिचेरी विद्यापीठाने त्याचा आरंभ केला. परंतु मला अधिक जवळचा वाटतो तो आपल्या वर्गातील बदल. नवे शैक्षणिक धोरण आमच्या महाविद्यालयात २०२४ च्या जूनपासून आले आणि आमची तुकडी त्यातील पहिली. आता एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका व तीन वर्षांनंतर पदवी घेता येते. मध्येच बाहेर पडावयाचे तर चार जादा क्रेडिटचे कौशल्याचे काम करावे लागते. सोडून गेलेल्याला तीन वर्षांच्या आत परत येता येते. तोवर त्याची क्रेडिट बँकेत ठेवल्याप्रमाणे जमा राहतात.

ही सोय चांगली आहे, यात शंका नाही. पूर्वी दुसऱ्या वर्षानंतर शिक्षण सुटले तर हाती काहीच राहत नसे. परंतु उन्हाळ्याच्या सुट्टीत मामा घरी आले होते. त्यांना हे कळले तेव्हा ते आईला म्हणाले, “दोन वर्षांत कागद मिळतोय, तर तिसरं वरीस कशापायी? तवर एखादं स्थळ बघू.” मामांच्या मनात वाईट काही नव्हते. वडील काही बोलले नाहीत. मीही त्या वेळी गप्प राहिले. पुढे क्लार्कचा सिद्धांत वाचताना मात्र मला तो प्रसंग आठवला. बाहेर पडण्याचे दार अडलेल्या माणसासाठी ठेवलेले असते. पण तेच दार दाखवून एखाद्याची आच सहज काढून घेता येते. विशेषतः मुलींची. मी पदविका घेऊन थांबणार नाही. हे घरी अजून नीट सांगावयाचे आहे. येथे आधी लिहून ठेवते.

माझ्याबरोबर एस. टी. ने येणारी एक मैत्रीण होती. वर्गात ती माझ्यापेक्षा हुशार. पहिल्या सत्रात परीक्षेचा अर्ज भरण्याची तारीख फलकावर लागली, त्या आठवड्यात ती सोयाबीनच्या काढणीला घरी होती. नंतर विलंबशुल्क द्यावयाचे, त्याला पैसे नव्हते आणि कोणाशी बोलावे हे तिला ठाऊक नव्हते. परीक्षा हुकली, दिवाळीनंतर ती आलीच नाही. आता ती तालुक्याच्या गावी कापडाच्या दुकानात काम करते. तिच्या नावावर एकही क्रेडिट जमा नाही. ती नापास झाली नव्हती. तिला तारीख कळली नव्हती, एवढेच!

म्हणून माझ्या वर्गबंधुभगिनींना व गुरुजनांना एक नम्र सूचना कराविशी वाटते. प्रत्येक सत्राच्या पहिल्या आठवड्यात द्वितीय व तृतीय वर्षाच्या आपण काही जणांनी आळीपाळीने सूचनाफलकापाशी उभे राहावे. फलकावरील अक्षरांचे मराठीत अर्थ लिहून शेजारी लावावेत. अर्जांच्या, शिष्यवृत्तीच्या व परीक्षेच्या तारखा एका कागदावर छापून प्रत्येकाच्या हाती द्याव्यात. आणि सलग आठ दिवस जो दिसणार नाही, त्याची कोणीतरी चौकशी करावी. याला फारसा खर्च नाही. न्यूयॉर्कसारखा पास आपण देऊ शकणार नाही, पण विचारपूस करू शकतो.

‘ओई’ म्हणजे आपल्या शाखेबाहेरचा, आवडीने निवडावयाचा विषय, असे मी त्या मुलीला सांगितले. तिने ते वहीत लिहून घेतले. त्याच आठवड्यात कोरा प्रवेशअर्ज घेऊन मी मैत्रिणीच्या घरी गेले होते. तिने तो उलटसुलट पाहिला, घडी घातली आणि म्हणाली, “बघू.” तिच्या आईने चहा केला. निघताना मी अर्जाची शेवटची तारीख त्यांच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पेनाने गोल करून आले.