उन्हाची लाट आणि घरात बसलेला माणूस



ऊन लागतं ते रानात, घरात बसलेल्याला कशाचं लागतंय, असा आपला समज. हा समज किती अपुरा आहे, ते या पाठात पाहू.

अमेरिकेत बोस्टन शहरात २०१६ च्या जुलैत हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ४४ विद्यार्थ्यांची पाहणी केली. त्यातले २४ जण वातानुकूलित वसतिगृहात राहणारे, तर २० जण जुन्या, तशी सोय नसलेल्या इमारतींत राहणारे. सगळे तरणेताठे आणि निरोगी. बारा दिवस रोज सकाळी उठल्याबरोबर त्यांना फोनवर दोन छोट्या परीक्षा दिल्या. एकीत शब्दांचे रंग ओळखायचे, दुसरीत साधी बेरीज-वजाबाकी करायची. याच बारा दिवसांत पाच दिवस उष्णतेची लाट आली.

२०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गरम खोल्यांत झोपणाऱ्या मुलांना रंगांच्या परीक्षेत उत्तर द्यायला सुमारे १३ टक्के जास्त वेळ लागला आणि गणितातही ती मागे पडली. त्या खोल्यांचे सरासरी तापमान होते फक्त २६ अंश! आपल्याकडे २६ अंश म्हणजे गारवाच. त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा इथे लावायचा नाही. पण आणखी एक गोष्ट दिसली, ती मात्र आपल्याही कामाची आहे. सर्वांत मोठा फरक लाट ओसरू लागल्यावर पडला. बाहेर हवा निवळली, पण भिंतींत साठलेली उष्णता आत तशीच राहिली.

असे का होते? पत्रा लगेच तापतो आणि लगेच निवतो. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री तेच खाली सोडतो. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्रीचा गारवा हीच विश्रांती असते. ती मिळाली नाही की दुसऱ्या दिवशी त्रास वाढतो.

हा प्रश्न नुसत्या परीक्षेचा नाही, जिवाचा आहे. १९९५ च्या जुलैत शिकागो शहरात लाटेने सातशेवर माणसे गेली. एकटे राहणारे आणि वरच्या मजल्यावरचे यांना धोका जास्त असल्याचे तिथल्या अभ्यासात दिसले. आपल्या शेजारच्या अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यात नेहमीपेक्षा १,३०० हून अधिक मृत्यू झाले. तिथल्या एका रुग्णालयात बाळंतिणींचा कक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर होता. तो खाली हलवल्यावर उष्णतेने आजारी पडणारी नवजात बाळे कमी झाली. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही, नुसती जागा बदलली.

आता आपण काय करायचे?

१) म्हातारी माणसे, बाळंतीण आणि तान्ही मुले यांना दुपारी पत्र्याखाली किंवा माडीवर ठेवू नका. घरातली सर्वांत गार जागा त्यांची.

२) स्लॅबला उन्हाळ्याआधी चुन्याचा पांढरा हात द्या. पांढरा रंग ऊन परतवतो.

३) दुपारी उन्हाकडच्या खिडक्या झाका. रात्री हवा निवली की सगळ्या उघडा.

४) हवा ४० अंशांपुढे गेली की नुसत्या पंख्यावर विसंबू नका, तो गरम हवाच अंगावर मारतो. अंग ओल्या फडक्याने पुसत राहा.

५) हंगाम लांबला तर तोडणी मजुरांच्या कोप्या झाडाच्या सावलीत पडतील असे पाहा. ताडपत्रीखालची लेकरंही आपल्याच गावची पाहुणी आहेत.

६) माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग भाजल्यासारखे तापले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि तडक दवाखाना गाठा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

शाळेत जाणाऱ्या मुलामुलींना एक काम द्या. एक तापमापक पत्र्याच्या खोलीत, एक स्लॅबखाली आणि एक बाहेर सावलीत टांगा. सकाळी सात, दुपारी तीन आणि रात्री दहा वाजता आकडे वहीत लिहा. दहा दिवसांत घरातली कोणती खोली कधी तापते ते कळेल. उसाला पाणी कधी द्यायचे ते आपण जमीन बघून ठरवतो. आजीची खाट कुठे टाकायची, हेही तसेच बघून ठरवावे.