दोघांची पायवाट

वाचन : लूक २४:१३-३५, प्रेषितांची कृत्ये १८:१-३, रोमकरांस १६:३-५

इ. स. ९९० मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप सिजेरिक आपल्या पदाचे वस्त्र पोपच्या हातून घेण्यासाठी रोमला गेला. परतीच्या वाटेवरील मुक्कामांची यादी तेव्हा लिहून ठेवण्यात आली. ७९ मुक्कामांची ती यादी अद्याप जपलेली आहे, व तिच्याच आधाराने 'व्हिया फ्रांचिजेना' हा जुना यात्रामार्ग आपल्या काळात पुन्हा आखला गेला. १९९४ साली युरोपीय परिषदेने त्याला सांस्कृतिक मार्ग म्हणून मान्यता दिली. ग्रेट सेंट बर्नार्डच्या २,४६९ मीटर उंच खिंडीतून तो इटलीत उतरतो, पो नदी ओलांडतो आणि लुक्का, सिएना, विटेर्बो करीत रोमला पोहोचतो. इटलीतील अंतरच एक हजार किलोमीटरांहून अधिक भरते.

आता आपण प्रॉटेस्टंट मंडळींनी रोमच्या यात्रेचा विचार कशाला करावा, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. १५१० च्या सुमारास ल्यूथरही पायी रोमला गेला होता. आजोबांच्या आत्म्यासाठी आपण तेथील पवित्र जिन्याच्या २८ पायऱ्या चढलो, हे त्यानेच पुढे सांगितले. तारण कृपेने आहे, पायपिटीने नाही. यातले तिळभरही आम्ही सोडीत नाही. परंतु चालल्याने पुण्य लागत नसले, तरी चालताना माणूस उघडा पडतो, आणि या पाठात आपल्याला तेवढेच पाहावयाचे आहे.

आज या वाटेने पुष्कळ पतिपत्नी जोडीने चालतात. सिएना ते रोम हे सुमारे २८० किलोमीटर. रोज वीस-पंचवीस चालले तर दोन आठवडे लागतात. खडीचे पांढरे रस्ते, दोहों बाजूंस गव्हाची शेते, उन्हाळ्यात मैलोगणती सावली नाही. राडिकोफानीचा किल्ला डोंगरावर दुरून दिसू लागतो आणि तासन् तास चालूनही जवळ येत नाही. अशा चढणीवर दोघांची चाल सारखी नसते. पुढे गेलेल्याने वळणावर थांबावे, आणि मागचा येऊन टेकताच पुन्हा उठावे, तर विसावा एकालाच मिळतो! याकोबाला हे कळत होते; मुलेबाळे व गुरे यांच्या चालीने मी सावकाश येईन, असे त्याने एसावाला सांगितले (उत्पत्ति ३३:१४). घरात रुसवा झाला तर एक जण बाजारात जातो, एक स्वयंपाकघरात. वाटेवर तशी सोय नाही. पाणी एकाच्या पिशवीत, नकाशा दुसऱ्याच्या.

आपल्या घराघरांत वाचलेले 'यात्रिकक्रमण' (हरि केशवजींचे भाषांतर, १८४१) येथे आठवते. बन्यनचा ख्रिस्ती एकटाच निघतो, बायकामुले मागे राहतात. पत्नीची यात्रा येते ती दुसऱ्या भागात, सहा वर्षांनी छापलेल्या. पहिला भाग आपण पाठ केला, दुसरा क्वचितच उघडतो. मंडळीच्या कामासाठी आठवडाभर बाहेर असणारा आणि घरी पत्नीशी चार वाक्ये न बोलणारा सेवक आपल्यात दुर्मिळ नाही. पहिल्या भागाचा आधार त्याला फार सोयीचा वाटतो.

अम्माऊसच्या वाटेवर मात्र दोघे आहेत. एकाचे नाव क्लयपा; दुसरे नाव लूक देत नाही. ती त्याची पत्नी असावी, असा काहींचा तर्क आहे. योहान १९:२५ वरून तो सुचतो, सिद्ध होत नाही. ते दोघे खिन्न होते, तरी बोलत होते, आणि प्रभू त्यांच्या चालीने चालला.

अक्विला व प्रिस्किल्ला यांच्याविषयी तर्काची गरज नाही. क्लौद्याच्या हुकुमाने, इ. स. ४९ च्या सुमारास, त्यांना रोम सोडावे लागले. मग करिंथ, तेथून इफिस, आणि पौल रोमकरांस लिहितो तेव्हा ती पुन्हा रोमात. तंबू करण्याचा धंदा दोघांचा, घरातली मंडळी दोघांची. नव्या करारात त्यांची नावे सहा वेळा येतात, आणि एकदाही एकाचे नाव दुसऱ्यावाचून येत नाही. रोमकरांस पत्रात तर तिचे नाव आधी आहे.

पाठ घेणाऱ्यांस विनंती : हा पाठ महिलामंडळात व पुरुषांच्या सभेत वेगवेगळा घेऊ नये.