भाषेची निवड आणि श्रमांची बचत

संगणकाला कोणत्या भाषेत आज्ञा द्यावी, यावर आज्ञावलीकाराचे श्रम बरेचसे अवलंबून असतात. प्रारंभी प्रत्येक बारीकसारीक कृतीसाठी स्वतंत्र यंत्रसूचना लिहावी लागे. १९५७ साली जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएम ७०४ या संगणकासाठी गणिती सूत्रांशी मिळतीजुळती ‘फोरट्रान’ ही भाषा सिद्ध केली. त्यांनीच नोंदवलेले एक उदाहरण बोलके आहे. एका दिवसाचे प्रशिक्षण घेतलेल्या आज्ञावलीकाराने ४ तासांत ४७ विधाने लिहिली. संगणकाने ६ मिनिटांत त्यांपासून सुमारे १,००० यंत्रसूचना तयार केल्या. त्या स्वतः लिहिण्यास ३ दिवस लागले असते, असा त्याचा अंदाज होता. पहिले उत्तर चुकले. परंतु चूक एका विधानात सापडली आणि ते बदलताच उत्तर बरोबर आले. भाषेने श्रम वाचवले; विचार करण्याची जबाबदारी मात्र माणसाकडेच राहिली.