निरोप्यांचे शास्त्र

कला शाखेच्या विद्यार्थ्याने बिनतारी संदेशवहनावर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. माझे कारण घरगुती आहे. गेल्या पावसाळ्यात गावाहून बाबांचा फोन आला. आवाज तुटत होता. मला दोनच शब्द कळले : "आजी... गेली..." पुढे फोन लागलाच नाही. ती रात्र मी वसतिगृहात रडून काढली. सकाळी वरच्या खिंडीत राहणाऱ्या शेजाऱ्यांनी बाबांचा पुरा निरोप कळवला : "आजी तालुक्याच्या दवाखान्यात गेली होती, आता ताप उतरलाय."

तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलो. बिनतारी लहरी मुख्यतः दोन प्रकारे दगा देतात. डोंगर आड आला की पलीकडे लहरींची सावली पडते, हा पहिला प्रकार. दुसरा असा की, एकच लहर कड्यांवर, भिंतींवर आपटून अनेक वाटांनी पोहोचते आणि काही जागी या लहरी परस्परांना मारतात. १८०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १७ सेंटिमीटर असते. म्हणून वीतभर सरकले तरी फरक पडतो. या दुसऱ्या दोषावर एकाच यंत्राला दोन अँटेना लावणे हा उपाय आहे. सावलीवर मात्र तो चालत नाही, कारण दोन्ही अँटेना त्याच सावलीत असतात. त्या संध्याकाळी बाबा आणि काका दोघेही फोन लावीत होते. पण उभे होते एकाच ओसरीवर!

यावर तोडगा म्हणजे मध्यस्थ यंत्रे, अर्थात रिले, दूरदूर विखरून ठेवणे. प्रेषक, रिले आणि ग्राहक या त्रिकुटाचा गणिती विचार व्हॅन डर म्यूलेन यांनी १९७१ साली मांडला. वेगवेगळी यंत्रे परस्परांची रिले झाली तर अनेक अँटेनांचा लाभ मिळतो, हे लेनमन, त्से आणि वॉर्नेल यांनी २००४ साली सविस्तर दाखवले. हिशेब सोपा आहे. एक वाट दहांत एकदा बंद पडत असेल, तर दोन स्वतंत्र वाटा एकाच वेळी बंद पडण्याचा संभव शंभरांत एक, तिन्ही बंद पडण्याचा हजारांत एक.

रिले दोन स्वभावांचे असतात. एक ऐकले तसे मोठ्याने सांगतो. त्यात गोंगाटही वाढतो. दुसरा आधी निरोप समजून घेतो, मग नव्याने सांगतो; पण त्याचीच समजूत चुकली तर चूक पुढे जाते. शिवाय प्रत्येकाला बोलण्याची पाळी द्यावी लागते, म्हणजे वेळ खर्च होतो. विश्वासार्हतेची ही किंमत आहे.

या साऱ्यात 'स्वतंत्र' हा शब्द कळीचा. तो आपल्याला परका नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे आपण शिकतो. पाठ ठरवताना एकाच सदोष पोथीवरून उतरलेल्या दहा पोथ्या म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत. तो एकच साक्षीदार.

आता आमच्या घरी महत्त्वाचा निरोप दोन वाटांनी येतो : एक ओसरीवरून, एक खिंडीतून. आणि दोन्ही जुळेपर्यंत मी रडायला बसत नाही.