देव माणूस झाला, माणूस देव झाला नाही
(श्रद्धाशिक्षण पाठ)



मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मिस्सा संपल्यावर दोन चुलतभाऊ मला भेटायला थांबले. दोघेही धरणाकाठच्या आपल्याच वस्तीवरचे. धाकटा बंगळूरला कंपनीत नोकरीला आहे. तिथे त्याची दोन मिशनरी तरुणांशी ओळख झाली. पांढरा शर्ट, टाय, बोलणे नम्र, दारू-तंबाखूला स्पर्श नाही. त्याला ती मुले आवडली. थोरल्याने मोबाइलवर काहीबाही वाचले होते. तो म्हणाला, "फादर, याला समजावा. ते मॉर्मन आहेत. आदामालाच देव मानतात!" धाकटा तडकला, "साफ खोटं आहे, फादर. मी त्यांना विचारलं, ते नाही म्हणाले." तेवढ्यात आज्जी पुढे आल्या. "फादर, ह्याला तिथं परत बाप्तिस्मा घ्यावा लागंल म्हणत्यात. मग लहानपणी दिलेला वाया गेला का?"

तिघांचेही प्रश्न रास्त होते. म्हणून आजचा हा पाठ.

१. हे लोक कोण?

जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली अमेरिकेत हा पंथ स्थापन केला. 'मॉर्मनचा ग्रंथ' त्याच वर्षी छापला गेला आणि त्यावरून लोक त्यांना मॉर्मन म्हणू लागले. त्यांच्या मंडळीचे पूर्ण नाव 'येशू ख्रिस्ताची उत्तरकालीन संतांची मंडळी' असे आहे. २०१८ मध्ये त्यांच्या अध्यक्षांनी टोपणनावाऐवजी हे पूर्ण नाव वापरावे, अशी विनंती केली. वाद घालताना समोरच्याच्या नावाचा मान राखावा, हे आपण ध्यानात ठेवू. या पाठात सोयीसाठी जुने नाव वापरतो आहे, हिणवण्यासाठी नव्हे.

आपल्या महाराष्ट्राला ते अगदी नवे नाहीत. ह्यू फिंडले नावाचा त्यांचा मिशनरी १८५२ साली मुंबईत आला. पुढे त्याने पुण्यातही काम केले आणि लहानशी मंडळी जमवली. १८५५ मध्ये मुंबईत त्याची एक पुस्तिका छापली गेली. ती मराठ्यांना उद्देशून होती आणि तिचा विषय होता खरा, जिवंत देव. त्यांचे हे पहिले काम फार टिकले नाही, पण विषय बघा. देव कोण, हाच प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

२. आदाम हाच देव?

फिंडले मुंबईत आला त्याच १८५२ च्या एप्रिल महिन्यात, तिकडे अमेरिकेत, त्यांचे त्या वेळचे प्रमुख ब्रिगहॅम यंग यांनी एक प्रवचन केले. आदाम स्वर्गीय शरीर घेऊन एदेन बागेत आला, तोच आपला पिता आणि आपला देव, अशा अर्थाचे ते बोलणे होते. त्यांच्याच बारा प्रेषितांपैकी ऑर्सन प्रॅट यांना हे पटले नाही. दोघांमधला हा वाद अनेक वर्षे चालला. पुढे ही शिकवण मागे पडत गेली. शेवटी ऑक्टोबर १९७६ मध्ये त्यांचे अध्यक्ष स्पेन्सर किंबल यांनी ती चुकीची असल्याचे जाहीर सभेत सांगितले.

म्हणजे दोघे भाऊ अर्धे-अर्धे बरोबर होते. तसे शिकवले गेले, हे खरे. आज ती त्यांची शिकवण नाही, हेही खरे. उजनीचे पाणी खाली गेले की पळसदेवचे जुने देऊळ वर दिसू लागते. तसे वादाच्या वेळी हे जुने प्रवचन कुणीतरी वर काढतो. पण ज्याने जी शिकवण टाकून दिली, ती त्याच्याच माथी मारणे हे आठव्या आज्ञेत बसत नाही. खोटी साक्ष मॉर्मन माणसाविरुद्धसुद्धा देऊ नये.

३. खरा फरक कुठे आहे?

खरा फरक त्याहून खोल आहे. जोसेफ स्मिथ यांनी ७ एप्रिल १८४४ रोजी केलेल्या प्रसिद्ध प्रवचनात सांगितले की, देवसुद्धा एके काळी माणूस होता आणि चढत चढत देवपदाला पोहोचला. पित्याला हाडामांसाचे शरीर आहे, पिता, पुत्र व पवित्र आत्मा या तीन वेगळ्या व्यक्ती असून त्यांचे ऐक्य केवळ हेतूचे आहे, अशी त्यांची शिकवण आहे. देवाने शून्यातून निर्मिती केली नाही, आधीच असलेल्या द्रव्याला आकार दिला, असेही ते मानतात. त्याच वर्षी जून महिन्यात स्मिथ यांनी देवपित्यालाही पिता असल्याचे सुचवले.

आता शांतपणे विचार करा. आपल्या उसाला पाणी चारीतून येते. चारीला फाट्यातून, फाट्याला कालव्यातून, कालव्याला धरणातून. प्रत्येक जण पाणी दुसऱ्याकडून घेतो. मागे कितीही चाऱ्या जोडल्या, पण कुठेच धरण नसेल, तर शेतात थेंबही येणार नाही. तसेच प्रत्येक देवाला त्याचे देवपण कुणाकडून तरी मिळाले असेल, तर मुळात ते कुणाजवळ होते? ज्याला ते कुणाकडूनही मिळाले नाही, जो स्वतःच अस्तित्वाचा उगम आहे, त्यालाच आपण देव म्हणतो. धरणालाही शेवटी पावसाची वाट पाहावी लागते. देवाला कशाचीही वाट पाहावी लागत नाही. पर्वत निर्माण होण्यापूर्वीही तो देवच होता, हे स्तोत्र ९० सांगते. देव आत्मा आहे, हे प्रभू येशूने शोमरोनी स्त्रीला सांगितले (योहान ४:२४).

धाकटा मला म्हणाला, "पण फादर, आपल्याकडे नराचा नारायण होतो म्हणतातच की!" म्हणतात खरे. कष्टाने माणूस थोर होतो, एवढ्यापुरते ते आपण आनंदाने मान्य करू. पण निर्माता आणि निर्मिती यांच्यामधली रेषा कष्टाने ओलांडता येत नाही. ती रेषा एकदाच ओलांडली गेली आणि तीही वरून खाली. देवाचा पुत्र मरियेच्या उदरी माणूस झाला.

मग आपल्याला देवपणात काहीच वाटा नाही का? आहे. मिस्सेत धर्मगुरू द्राक्षरसात पाण्याचा एक थेंब घालतो, ते पाहता ना? जो आपल्या माणूसपणात सहभागी झाला, त्याच्या देवपणात आम्हांला वाटा मिळो, असा त्या वेळच्या प्रार्थनेचा आशय आहे. तो वाटा कृपेने मिळतो. आपण दत्तक लेकरे होतो. स्वतंत्र देव होत नाही.

४. देवदूत

मॉर्मन शिकवणीप्रमाणे देव, देवदूत आणि माणूस हे एकाच जातीचे. मिखाएल देवदूत म्हणजे आदाम, गाब्रिएल म्हणजे नोहा. मोरोनी हा देवदूतही पूर्वी माणूस होता. आपली श्रद्धा वेगळी आहे. देवदूत हे देवाने निर्माण केलेले, शरीर नसलेले आत्मे आहेत. १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने हे स्पष्ट केले.

पण इथे आपणही थोडे आत डोकावू. लहान मूल दगावले की मातीच्या वेळी आपण आईला म्हणतो, "रडू नकोस, तुझं बाळ देवदूत झालं." मायेने म्हणतो. पण ते खरे नाही. पुनरुत्थित लोक देवदूतांसारखे असतील, असे प्रभूने सांगितले (लूक २०:३६). देवदूत होतील, असे नाही. आणि त्या आईला देवदूत नको असतो, स्वतःचे बाळ हवे असते. शरीराच्या पुनरुत्थानावर आपली श्रद्धा आहे, म्हणून तिला सांगावे, "तुझं बाळ तुझंच राहील. देवाजवळ आहे, आणि ते तुला भेटेल."

५. पहिला मनुष्य

मग आदाम कोण? मातीचा माणूस, देवाच्या श्वासाने जिवंत झालेला. तो देव नाही, देवदूतही नाही. त्याच्या पापात आपण सारे ओढले गेलो. आपले तारण पहिल्या आदामात नाही. ते शेवटच्या आदामात, म्हणजे ख्रिस्तात आहे (१ करिंथ १५:४५).

६. आज्जींचा प्रश्न

आता बाप्तिस्मा. जून २००१ मध्ये व्हॅटिकनने निर्णय दिला की, मॉर्मन मंडळीचा बाप्तिस्मा वैध नाही. ते पिता, पुत्र व पवित्र आत्मा ही नावे घेतात, पण त्या नावांचा अर्थ त्यांच्याकडे इतका वेगळा आहे की तो ख्रिस्ताने दिलेला बाप्तिस्मा ठरत नाही. आपल्या शेजारच्या प्रोटेस्टंट बांधवांचा, पाण्याने आणि त्रैक्याच्या नावाने दिलेला बाप्तिस्मा मात्र आपण मानतो. लग्न जमवतानाही हा फरक लक्षात ठेवावा आणि सुपारी फोडण्याआधी धर्मगुरूंना भेटावे.

आज्जींना मी सांगितले, "वाया काही गेलं नाही. बाप्तिस्म्याची खूण पुसता येत नाही. तो दूर गेला तरी देवाचं लेकरूच राहतो. परत आला तर पुन्हा बाप्तिस्मा लागणार नाही, पापनिवेदन करून तो घरात येईल."

धाकटा काहीच बोलला नाही. जाताना एवढेच म्हणाला, "फादर, ती पोरं दर आठवड्याला माझी चौकशी करतात. आपल्यातलं कुणी फोनसुद्धा करत नाही." बंधुभगिनींनो, याचे उत्तर माझ्या तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत नव्हते. त्याचा नंबर मी लिहून घेतला. गाव सोडून गेलेल्या आपल्या प्रत्येक मुलाचा नंबर आपल्याकडे असावा, असे मला वाटते.

घरी बोलण्यासाठी प्रश्न:
१) देव आधीपासून देव आहे की पुढे देव झाला, याने आपल्या प्रार्थनेत काय फरक पडतो?
२) दुसऱ्या पंथाविषयी ऐकलेली गोष्ट खरी आहे का, हे मी बोलण्याआधी तपासतो का?
३) बाहेरगावी असलेल्या आपल्या कोणत्या मुलाला या आठवड्यात फोन करायचा?

प्रार्थना: हे पित्या, तू अनादी आहेस, आम्ही तुझ्या हातची माती आहोत. तुझ्या पुत्रात तू आम्हांला आपलेसे केलेस. दूर असलेल्या आमच्या लेकरांना सांभाळ, आणि आमच्या ओठी सत्य व प्रेम दोन्ही असू दे. आमेन.