सरपणाची खेप : भार, ट्रॉल्या आणि घाटाचा उतार

वैशाख सरत आला की सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना सरपणाच्या बेगमीची घाई सुरू होते. घरोघरी स्वयंपाकाचा गॅस पोहोचला असला, तरी न्हाणीतले चुलाण, गोव्यातील पोदेराची भट्टी, काजूच्या फेणीची भाटी, लग्नकार्यातील आचाऱ्यांच्या चुली आणि गावोगावच्या स्मशानभूमी यांचे लाकडावाचून चालत नाही. पूर्वी हे लाकूड डोक्यावरच्या मोळीने अथवा बैलगाडीने येई. आता ते पिकअप गाडीने येते. बेळगाव भागात उसाच्या हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडण्याचा प्रघात आहे; हंगाम संपल्यावर तीच जोडणी लाकडाकरिता वापरण्याचा मोह होणे साहजिक आहे. न झेपणारा भार गाडीत घातला तर बैल जागीच थांबतो. इंजिन थांबत नाही, आणि येथूनच या विषयाची अडचण सुरू होते.

लाकडाचा भार डोळ्यांना फसवितो. भाताची पोती किंवा सिमेंटच्या पिशव्या मोजता येतात. लाकडाची रास मात्र किती उंच दिसते यावरूनच तोलली जाते. रचलेल्या राशीत प्रत्यक्ष लाकूड सुमारे दोन तृतीयांश असते व उरलेली जागा हवेची असते, हे खरे. परंतु नुकत्याच तोडलेल्या जड जातीच्या लाकडाचे वजन घनमीटरला जवळजवळ एक टन भरते. म्हणजे चांगल्या रचलेल्या एक घनमीटर राशीत सहाशे-साडेसहाशे किलो भार असतो. दीड टन क्षमतेच्या पिकअपचा हौदा ८ फूट लांब व साडेपाच फूट रुंद आहे असे धरले, तर अशा ओल्या लाकडाची रास दोन फुटांच्या आतच त्या गाडीची क्षमता संपविते. व्यवहारात मात्र कडेला खुंट उभे करून चार फुटांपर्यंत लाकूड चढविलेले दिसते. ते सव्वातीन टनांच्या घरात जाते. हौदा अर्धा रिकामा दिसत असतानाच गाडी भरलेली असू शकते, ही गोष्ट चालकाइतकीच लाकडाच्या मालकानेही ध्यानात घेतली पाहिजे, कारण आणखी चार ओंडके टाकण्याचा आग्रह बहुधा मालकाचाच असतो.

या भाराचा मोठा वाटा पाण्याचा असतो. ताज्या लाकडात निम्म्यापर्यंत पाणी असू शकते. असे १,००० किलो लाकूड घेतले तर त्यात ५०० किलो सुके द्रव्य व ५०० किलो पाणी. तेच फोडून, उन्हावाऱ्यात वाळवून ओल पाचव्या हिश्शावर आणली, तर वजन ६२५ किलो उरते. ३७५ किलो पाणी उडून गेलेले असते व जळण्याजोगे द्रव्य तेवढेच राहिलेले असते. उलट उष्णता वाढते. सुक्या लाकडाच्या दर किलोमागे सुमारे ४,५०० किलोकॅलरी धरल्या आणि ओल उडविण्यासाठी पाण्याच्या दर किलोस सुमारे ६०० वजा केल्या, तर एक टन ओल्या लाकडातून साडेएकोणीस लाख किलोकॅलरी मिळतात; त्याच लाकडाच्या वाळलेल्या ६२५ किलोंतून पावणेबावीस लाख. आठ खेपांचे ओझे पाच खेपांत येते, आणि धूरही कमी होतो. तोडीच्या जागीच लाकूड फोडून दोन आडव्या वाशांवर, जमिनीपासून वर, फटी ठेवून रचावे. वरून झाकावे, बाजू उघड्या ठेवाव्यात. हिवाळा संपताना रचलेली रास पावसापूर्वी वाहून नेण्याजोगी होते. टोकांना पडलेल्या तडा, सुटू लागलेली साल आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटल्यावर येणारा खणखणीत आवाज या तिच्या खुणा होत.

शिक्षकांना येथे एक सोपा प्रयोग करून घेता येईल. ताज्या लाकडाच्या एका ढलपीवर खूण करून ती दर आठवड्यास त्याच तराजूत तोलावी व वहीत नोंद ठेवावी. वजन घटण्याचे थांबेपर्यंत मुलांच्या हाती एक चांगला आलेख येतो. ढलपीचा आकार मात्र फारसा घटत नाही, हेही त्यांना दिसेल. घेणाऱ्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की, ओले लाकूड वजनावर घेतल्यास तो पाण्याचे पैसे मोजतो. ओले लाकूड राशीच्या मापाने व सुके लाकूड काट्यावर घेणे त्याच्या हिताचे. अमेरिकेत सरपण मापानेच विकतात. तेथील ‘कॉर्ड’ म्हणजे ८ फूट लांब, ४ फूट रुंद व ४ फूट उंच अशी १२८ घनफुटांची रास. पोकळ रचून माप फुगविण्याची युक्ती मात्र सर्व देशांत सारखीच ठाऊक असावी.

दोन ट्रॉल्यांचा प्रश्न

एकीच्या जागी दोन ट्रॉल्या जोडल्या की खेपा निम्म्या होतात, हा हिशेब ओढण्याच्या ताकदीपुरता खरा आहे. थांबण्याचा हिशेब निराळा. एकटा दोन टनांचा ट्रॅक्टर ताशी २५ किलोमीटर वेगाने जाताना ब्रेक दाबल्यावर सहा मीटरांत थांबतो असे समजा. त्याच्यामागे स्वतःचे ब्रेक नसलेल्या दोन ट्रॉल्या मिळून आठ टन भार लावला, तर थांबवावयाचे ओझे पाचपट झाले व ब्रेक पूर्वीचेच राहिले. सपाट रस्त्यावर हीच जोडणी सहाऐवजी तीस मीटर घेईल. चालकाचा पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंतचे सात-आठ मीटर वेगळेच. आता हाच संच बारा फुटांना एक फूट अशा उतारावर आणून पाहावा. उताराची खेच आणि ब्रेकची रोध करण्याची शक्ती येथे जवळजवळ बरोबरीची होते. अर्थात, ब्रेक पूर्ण दाबलेला असूनही गाडी थांबणार नाही. हा हिशेब स्थूल आहे, परंतु चोर्ला किंवा अनमोड घाटातून उतरणाऱ्याने तो एकदा मनाशी करून पाहण्यासारखा आहे.

म्हणून शेतातून सपाट वाटेने डेपोपर्यंत दोन ट्रॉल्या आणणे एक वेळ समजण्यासारखे आहे. घाटात दुसरी ट्रॉली वरच सोडून दोन खेपा करणे हाच शहाणा मार्ग. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक असावेत, उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकलेला असावा. डिझेल वाचविण्याकरिता न्यूट्रलमध्ये उतरण्याची सवय सर्वांत वाईट, कारण त्यात इंजिनाचा रोध सुटतो व सारा भार तापलेल्या ब्रेकवर पडतो.

मागच्या ट्रॉलीच्या आणखीही खोड्या आहेत. साखळीच्या खेळात पुढचा मुलगा थोडासा वळला तरी शेवटच्याला हिसका बसतो. तसेच चालकाने चाक किंचित हलविले तरी शेवटची ट्रॉली रस्ताभर झोलते. वळणावर ती पुढच्या चाकांच्या मागाने न जाता आतल्या अंगाने कापते, आणि त्या अंगालाच पायी चालणारी माणसे व शाळेची मुले असतात. दोन ट्रॉल्यांचा संच मागे घेणे तर बहुधा अशक्यच. समोरून बस आली की तो अरुंद रस्त्यात अडकून पडतो.

भरण्याच्या पद्धतीवरही पुष्कळ अवलंबून आहे. दोनचाकी ट्रॉलीत भार आसाच्या किंचित पुढे असावा, म्हणजे एकूण वजनाचा दहावा ते सातवा हिस्सा हुकावर येतो. ओंडके मागच्या टोकाला रचले, तर ट्रॉली मागे कलते, हूक वर उचलू पाहते व चाल झोकांड्या खाऊ लागते. जाड व लांब ओंडके तळाशी, लांबीच्या दिशेने घालावेत, काटक्या-फाटे वर. दोर एकदा आवळला म्हणजे झाले असे नाही. दोन-चार किलोमीटर गेल्यावर लाकूड हादऱ्याने खाली बसते व दोर सैल पडतो. तेव्हा थांबून तो पुन्हा आवळावा लागतो. पिनेला कुलूपखिळा व जोडीला सुरक्षासाखळी हवी. मजुरांना लाकडावर बसवून आणण्याची प्रथा मात्र सर्वस्वी बंद झाली पाहिजे. रास घसरली तर तिच्यावरचा माणूस तिच्याखाली जातो.

परवाना व क्रमांक

भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ४१ अन्वये वनोपजाच्या वाहतुकीचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना आहे. गोव्यात वृक्षतोडीस १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली, तर कर्नाटकात १९७६ च्या कायद्याखाली परवानगी लागते. कोणत्या झाडांना सूट आहे, याच्या याद्या राज्याराज्यांत निराळ्या आहेत. तेव्हा सीमा ओलांडणाऱ्याने आपल्या गावची रीत पलीकडे चालेल असे गृहीत धरू नये. खेप ठरविण्यापूर्वीच वनविभागाच्या कार्यालयात चौकशी करावी. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र शासनाने देशभरासाठी वाहतूक परवान्याची ऑनलाइन प्रणाली सुरू केली आहे.

जादा भाराबद्दल मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनामागे आणखी २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरविण्याचा खर्च. लाकडे हौद्याच्या बाजूंबाहेर किंवा ठरीव उंचीपलीकडे गेली तरी २०,००० रुपयांची तरतूद आहेच. ट्रॉलीची स्वतंत्र नोंदणी आवश्यक असते. ट्रॉलीचा क्रमांक तिच्या बाजूवर आणि ओढणाऱ्या वाहनाचा क्रमांक शेवटच्या ट्रॉलीवर लावावा, असे कलम ६१ सांगते. रात्री मागून येणाऱ्याला दिसते ती हीच शेवटची ट्रॉली. तेव्हा तिच्यावरील दिवा, परावर्तक पट्टी व क्रमांकाची पाटी बाहेर आलेल्या फाट्यांनी झाकली जाणार नाही, एवढे निघण्यापूर्वी मागे जाऊन पाहावे.