शर्यतीच्या मोटारीचा स्वर

सीताबर्डीच्या रस्त्यानें बुलेट मोटारसायकल गेली, कीं न पाहतांहि तिची जड ‘धक्‌ धक्‌’ आपण ओळखतों. उलट शर्यतीच्या मोटारीचा आवाज तीक्ष्ण व अखंड असतो. दोन्ही यंत्रें पेट्रोलच जाळतात; मग आवाजांत एवढें अंतर कां पडावें?

सिलिंडरमध्यें पेट्रोल व हवा यांचें मिश्रण पेटून दट्ट्यास ढकलतें व नंतर तप्त वायु झटक्यासरशी बाहेर पडतो. हा झटका आवाजाचें मूळ होय. दट्ट्याच्या चार धांवांत, म्हणजे मुख्य आंसाच्या दोन फेऱ्यांत, प्रत्येक सिलिंडर असा एक झटका देतो. बुलेटला सिलिंडर एकच. उभ्या बुलेटचा आंस मिनिटास सुमारें १,००० फेरे घेतो असें धरल्यास सेकंदास आठच झटके होतात व कानास ते निरनिराळे ऐकूं येतात. सेकंदास सुमारें २० हून अधिक झटके झाले, म्हणजे ते एकमेकांत मिसळून त्यांचा सलग स्वर बनतो.

आतां शर्यतीकडे वळूं. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथें २०११, २०१२ व २०१३ सालीं फॉर्म्युला वन शर्यती झाल्या. त्या मोटारींचें इंजिन २.४ लिटरचें, आठ सिलिंडरांचें असून त्यास मिनिटास १८,००० फेऱ्यांची मर्यादा होती. म्हणजे सेकंदास ३०० फेरे, दर फेऱ्यास चार झटके, एकूण १,२००! २०१४ पासून १.६ लिटरचें, सहा सिलिंडरांचें इंजिन आलें. तें १२,००० फेऱ्यांवर असतां सेकंदास ६०० झटके देतें. झटके निम्मे झाले कीं स्वर एक सप्तक खालीं उतरतो, हें संगीताच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. शिवाय बाहेर पडणारा वायु टर्बोचें चक्र फिरवून मगच नळींतून जातो. त्यामुळें त्याचा जोर कमी होऊन आवाज मंदावतो.

जुना आवाज हरपला म्हणून अनेक प्रेक्षक हळहळले. परंतु पूर्वीं ज्या अंतरास सुमारें १५० किलोग्रॅम इंधन लागे, तेंच अंतर २०१४ सालीं १०० किलोग्रॅमच्या मर्यादेंत कापलें गेलें. पूर्वीं नळींतून वायां जाणारी ऊर्जा आतां कामीं येऊं लागली होती.

विद्यार्थिमित्रहो, मोठा आवाज हें बळाचें प्रमाण नव्हे, हेंच यावरून दिसतें. कित्येक तरुण मोटारसायकलचा सायलेन्सर काढून रस्ते दणाणून सोडतात. त्यानें सिलिंडर वाढत नाहींत, कीं पेट्रोलांतील शक्तिहि वाढत नाहीं. शेजारच्या आजाऱ्याची झोंप मात्र मोडते, आणि कायद्याचाहि भंग होतो. पालकांनींहि हें मुलांस समजावून द्यावें. यापुढें रस्त्यावर इंजिन ऐकाल, तेव्हां त्यास सिलिंडर किती व त्याचे फेरे किती, याचा विचार करून पाहा. कान हेंहि शास्त्राभ्यासाचें एक उत्तम साधन आहे.